सेटल

धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात
मी सव्वीस वर्षं दुभाषी.
पक्षकाराची मराठी उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवायची,
साहेबांची इंग्रजी उचलून पक्षकाराच्या ओंजळीत.
ने-आण करताना सांडतं थोडं.
ते पुसायला शिपाई नाही.

बाकीचे शब्द निमूट येतात.
टेनंट, डिक्री, स्टे:
मानगूट धरली की मांजराच्या पिलासारखे लोंबकळतात.
हा एक येत नाही.

वकील जिन्यात कुजबुजतो, मॅटर सेटल करून टाका,
तेव्हा तो मिटवणं असतो;
मिटवताना कोण मिटलं, ते कागदावर उमटत नाही.
कँटीनवाला पुजारी एक तारखेला म्हणतो, साहेब, सेटल करा,
तेव्हा तो सहाशे चाळीस रुपये असतो.
आमच्या घाटकोपरच्या इमारतीत
जिन्यापासून टाकीपर्यंत तडा गेला.
सोसायटीनं आणलेल्या इंजिनियरनं
तड्यावर काचेची पट्टी चिकटवली, म्हणाला,
घाबरू नका, बिल्डिंग सेटल होतेय.
चाळीस वर्षांची बिल्डिंग. मी म्हटलं, अजून?
म्हणाला, जमिनीला घाई नसते.

मेहुणीनं बारशाच्या पंगतीत विचारलं,
तुमचा सौमित्र सेटल झाला ना?
बायको म्हणाली, हो, हॅलिफॅक्सला,
आणि पुन्हा मठ्ठा घेतला.
त्या रात्री त्याचा फोन आला. तिकडे दुपार.
बाबा, खोली परत बदलली,
मागच्या वेळचे खोके अजून उघडलेच नाहीत.
मी बायकोला सांगितलं, बरा आहे.
दुभाष्यानं घरी सगळं सांगायचं नसतं.

परवा द्वारकाबाई मयेकर उभ्या राहिल्या.
खेतवाडीतली दहा बाय बाराची खोली, एकोणीस वर्षांचा दावा.
साहेबांना मराठी येतं.
नोंदीला येत नाही, म्हणून मी.
साहेब म्हणाले, इज शी विलिंग टु सेटल?

तडजोड होती, समझोता होता,
दोन्ही शब्द रोजच्या वापरातले, हाताशी.
पण वैशाखातली दुपार, पंखा बंद,
जिभेवर तिसराच येऊन बसला.
मी विचारलं, आजी, बसणार का?

कठडा धरून उभी होती ती.
"एकोणीस वर्सां बसलंय मां, भायल्या बाकड्यार!
बसान बसान घोव गेलो, बाकड्याचो पाय मोडलो,
आणि आता माका इचारतास, बसतंस काय?"

सगळे हसले. साहेबही, ओठांच्या आतल्या आत.
मग टायपिस्टची बोटं थांबली
आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

आता हे पलीकडे कसं न्यायचं?
आमच्याकडे घडी बसते, जम बसतो,
आणि त्याच क्रियापदानं धक्काही बसतो,
भुर्दंड बसतो, रडून रडून घसा बसतो.
पलीकडे बसायला एकच खुर्ची,
तीही साहेबांची.

मी म्हणालो, सर, शी हॅज बीन सेटल्ड हिअर
फॉर नाइन्टीन इयर्स.
साहेबांनी चष्मा काढला.
मराठीत विचारलं, इथे म्हणजे खोलीत, की कोर्टात?
मी म्हणालो, ते तिनं सांगितलं नाही, सर.
टायपिस्टनं नॉट सेटल्ड एवढंच टाइप केलं.
बावीस जून तारीख पडली.

संध्याकाळी व्हरांड्यात बाकडं रिकामं दिसलं.
मोडक्या पायाखाली कुणाचं तरी जुनं समन्स
चौघडी करून खुपसलेलं.
मी टेकलो. डबा उघडला, उरलेली अर्धी पोळी होती.
नळावरून चूळ भरून द्वारकाबाई आल्या,
पदरानं तोंड पुसत समोर थांबल्या.

"सर जरा," म्हणाल्या.
"ती माजी जागा."